आजोबांचा कप आणि आमचा बर्मावीर

आत्माबित्मा मानणाऱ्यांची मला कीवच येते, हे आधीच सांगते. सायन्स शिकवते मी. आणि आमच्या मामाची तर मला जास्तच कीव येते!

आईचे वडील आयरिश. दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर लढले, मग मराठी नर्सशी लग्न करून नेपानगरच्या कागद कारखान्यात फिटर म्हणून राहिले. त्यांची पदकं, संगीन, पट्टा आणि टवके उडालेला एनॅमलचा कप... सगळं बुऱ्हाणपुरात मामाच्या काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली मामाच्या करगोट्याला! आईला त्यातला फक्त कप हवा होता. लहानपणी तिचे बाबा त्यातल्या चहाचा पहिला घोट तिला द्यायचे. वर्षानुवर्षं मागतेय बिचारी.

मामाने जन्मात उंदीर मारला नाही, पण दसऱ्याची शस्त्रपूजा अशी, जणू बर्मा यानेच जिंकला! मागच्या दसऱ्याला त्याने संगीन आणि पदकं बाहेर काढली, कप आतच ठेवून कपाटाला पुन्हा कुलूप घातलं. आई म्हणाली, "दादा, आता तरी दे तो कप. माझे किती दिवस राहिले?"

"फौजीचं सामान आहे शालू, लेकींले नाही भेटत. टमरेलच पाहिजे तं बाजारातून घे ना!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. आईने मान खाली घातली. असा संताप आला मला!

मामा, मामी, आई आणि मी, चौघंच घरात. आरती संपली, वळून पाहतो तर... आईच्या मागच्या स्टुलावर तो कप. त्यात वाफाळता चहा! कपाट बंद, काच शाबूत, किल्ली मामाच्या कमरेला. मामीवर मला संशय आला, पण ती माझ्या शेजारीच टाळ्या वाजवत होती.

आईने घोट घेतला. "बिनसाखरेचा. बाबांचाच," म्हणाली आणि रडायला लागली.

आमचा बर्मावीर अनवाणी अंगणात! तिथूनच ओरडला, "घेऊन जा ते! नाही पाहिजे मले!"

दुसरी किल्ली, सैल काच, सगळं मी स्वतः तपासलं. काही सापडलं नाही. मामा मात्र गावभर सांगतोय, "बहिणीले मीच दिला, मन मोठं लागते!"

मी आईला म्हटलं, "अगं, तोंडावर सांग ना त्याला, खोटं बोलतोस म्हणून."

आई शांतपणे म्हणाली, "बोलू दे. कुणी दिला ते बाबांना माहीत आहे."