फ्लास्कखालची फुली

आज प्रॅक्टिकल घेऊन घरी आले तेव्हा बोटांना गंधकाचा वास होता, आणि तो पावसाळा आठवला. लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात पालकांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. कुरवंड्याहून आई आली, धुक्यानं पदर ओला झालेला. पायरीला ठेचकाळली तर म्हणाली, "धुकं लय हाय." हे ती उन्हाळ्यातही म्हणायची. अभिक्रियेचा वेग मोजायचा माझा प्रयोग साधा होता. कागदावर पेन्सिलीची फुली, तिच्यावर थायोसल्फेटच्या द्रावणाचा फ्लास्क; त्यात आम्ल ओतलं की गंधक तयार होऊन द्रावण दुधाळ होतं, आणि फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. "आई, वरून बघ. फुली गेली की सांग," असं म्हणून मी आम्लाची नळी उचलली. ती वाकली, डोळे बारीक करून बघितलं आणि हरखून म्हणाली, "गेली की गं! लय बेगीन गेली." नळी माझ्या हातात अजून भरलेलीच होती. द्रावण नितळ होतं, खालची फुली मला स्पष्ट दिसत होती. पुढे काचबिंदूनं तिची उरलेली नजरही नेली. मघाशी तिनं चाचपडत माझा हात धरला, बोटं हुंगली आणि हसून विचारलं, "आज किती येळ लागला गं, फुली जायाला?"