फळीवरची टकटक

शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात शेजारच्या रमाकांतअण्णांच्या बायकोचा, सुमाचा, दवाखान्यातून फोन आला. "अक्का, हे गेले..." एवढंच बोलली. मी तशीच पळत सुटले. दवाखान्यात पोचेपर्यंत अण्णांचा चेहरा झाकलेला होता. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. दुकान विकल्यापासून अण्णा नीट जेवतही नव्हते.

जुन्या हुबळीत आमची साड्यांची दुकानं शेजारीशेजारी, मध्ये फक्त फळ्यांची भिंत. गिऱ्हाइकाला हवा तो रंग आपल्याकडे नसला की फळीवर टकटक करायची, शेजारची साडी आणून विकायची आणि आपला माल आला की तशीच एक परत द्यायची. कधी मधे सण उलटून जायचा, पण कोणी कोणाला टोकलं नाही. परत देताना अण्णा वर चेष्टा करायचे, "बघ अक्का, तुझ्या साडीपेक्षा काठ रुंद आहे."

शेअरचा नाद त्यांना उतारवयात लागला. थोडे पैसे आपले, बाकीचे दलालाचे, असे शेअर घेऊन चार पैसे सुटलेही. मग एका कंपनीचा भाव पडणारच, म्हणून तिचे शेअर दलालामार्फत उसने घेऊन विकले. पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचे, असा बेत. मी म्हटलं, "अण्णा, आपलं नसलेलं विकायचं?"

ते हसले. "आपण रोज काय करतो मग? तुझी मोरपंखी विकली नव्हती होय मी?"

"आणि भाव चढला तर?"

"थांबतील की! तू नाही थांबत?"

भाव चढला, चढतच गेला. दलालानं आणखी पैसे भरायला सांगितले. अण्णा म्हणाले, दोन दिवस थांबा. तो थांबला नाही. त्याच चढ्या भावानं शेअर घेऊन त्यानं परत केले आणि सगळा तोटा अण्णांच्या अंगावर आला... त्यातच दुकान गेलं. तिथला नियमच तसा, हे मला कळतं. तरी त्या दलालाचा राग येतो, आणि अण्णांचा त्याहून जास्त. उभा जन्म व्यापारात काढलेल्या माणसानं सगळ्या जगाला आपला शेजारी समजावं?

आता पलीकडे मोबाइलचं दुकान आहे. परवा लग्नाच्या गिऱ्हाइकानं मोरपंखी मागितली. माझ्याकडे नव्हती. बोलताबोलता हात गेला आणि फळीवर टकटक झाली. पलीकडचा नवा दुकानदार लगेच धावत आला, भला माणूस आहे बिचारा.

"एन बेक्री, अक्का?"

काय पाहिजे, म्हणून विचारत होता... काही नाही म्हटलं आणि गिऱ्हाइकापुढे दुसऱ्या रंगाची साडी उलगडली.