बोटीचं तेल ब्रेकमध्ये

नव्वदच्या दशकात मी बेलापूर गावात भाड्यानं राहत होतो. घरमालकाच्या जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या, आणि त्यानं एक जुनी मोटार विकत घेतली होती. लांब नाकाची, काळी, एकेका दाराला आजच्या दोन दारांना पुरेल एवढा पत्रा. गावातल्या नव्या श्रीमंतीची मी मनातल्या मनात टवाळी करायचो, त्यात या गाडीची भर पडली. ती घेण्याचं खरं कारण कळलं तेव्हा थोडा वरमलो. ही गाडी पूर्वी मिठागराच्या मालकाची होती. ती बांधावरून आली की डोक्यावर मिठाची पाटी घेतलेल्या बाया वाट द्यायला चिखलात उतरत. त्यांतली एक घरमालकाची आई. तिचं माहेर खाडीपलीकडे, मोऱ्याला. आयुष्यभर ती होडीनं गेली होती. यंदा नारळी पुनवेला तिला त्याच गाडीत मागच्या सीटवर बसवून माहेरी न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

एका रविवारी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. घरमालक गाडीचं बॉनेट उघडून आत वाकला होता.

"मास्तर, ब्रेकच्या डबीनचा तेल कमी झालाय. बोटीच्या इंजिनाचा हाय घरान. टाकू का?"

"टाका," मी म्हणालो. अग्रलेख बरा होता.

बोटीवर एकाच डब्यातलं तेल सगळ्या यंत्राला चालतं. तो तसाच वाढलेला. मी तसा वाढलेला नव्हतो, आणि तरीही विचारलं मलाच, कारण मी कॉलेजात शिकवायचो.

पंधरा दिवसांत गाडी अडायला लागली. दोन-तीन किलोमीटर नीट चालायची, मग ब्रेक आपोआप धरायचे आणि चाकाला हात लावता यायचा नाही इतकं ते तापायचं. तासभर उभी केली की पुन्हा मोकळी. मी ग्रंथालयातून मोटारदुरुस्तीचं पुस्तक आणलं आणि ब्रेकचे शू, म्हणजे चाकाला आतून दाबणाऱ्या पट्ट्या, घट्ट बसवलेत असं निदान केलं. गाडीचं काम पहिल्यापासून जुईनगरचा एक मेकॅनिक बघायचा. माणूस साताऱ्याकडचा, कमी बोलणारा. त्यानं शू सैल केले. ब्रेक पुन्हा धरले.

मग त्यानं तापलेल्या चाकामागचा छोटा नट सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक हातानं फिरलं.

"शू न्हाईत मास्तर. दाबलेलं तेल वर परत येत न्हाई. आतलं रबर फुगलंय. ह्यात कुणीतरी दुसरंच तेल घातलंय."

मला तेव्हाच सगळं समजलं.

"तुझ्याशिवाय कोन हात लावतो गाडीला?" घरमालक म्हणाला.

"मी कशाला घालीन, दादा?"

"मंग भुतान टाकला?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्याला बोटीचा डबा आठवतच नव्हता. मी हो म्हटल्यावर त्या तेलात काही खोट असेल हे त्याच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "रबर बदलून बघू."

गाडी मुंबईला एका तज्ज्ञाकडे गेली. तो टाय लावून गाड्या तपासायचा आणि त्याच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रकं होती. त्यानंही रबरच सांगितलं, फक्त इंग्रजीत. इतक्या जुन्या गाडीचे भाग मिळेनात. पुनव गेली. गाडी परत येण्याआधी म्हातारी मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

गाडी दारात आली तेव्हा मुलगा तिला उचलायला वाकला.

"उचलून नको नेव मना," ती म्हणाली. "मी काय मिठाची पाटी हाय?"

ती गेली नाही. पुढच्या पुनवेपर्यंत राहिलीही नाही.

घरमालक पाहुण्यांना अजून सांगायचा, मास्तरांनी रबर ओळखला. मी चहा प्यायचो.

वर्षभरानं जुईनगर स्टेशनबाहेर तो मेकॅनिक भेटला.

"काय निघालं त्या गाडीत?"

"रबरच."

"मी म्हणलंच होतं. दादा काय म्हणले?"

"काही नाही."

त्यानं हात फडक्याला पुसले. "तेल कुणी घातलं, त्ये कळलं का पर?"

"नाही," मी म्हणालो.