परत मिळालेली कोर्ट फी

त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही बघा. वारसाच्या कागदासाठी मी कोर्टात गेले होते, आणि त्या दिवशी नेमकी लोकअदालत होती. तो माझ्या शेजारी बसला होता. बोलताना मांडीवरची टोपी सारखी थोपटायचा, मांजराला थोपटावं तशी. शेताकडे जायच्या वाटेवरून त्यानं धाकट्या भावावर दावा केला होता. तो भाऊही पलीकडेच बसलेला. कुंभारवाड्याहून दोघं एकाच बसनं आले होते, दुसरी बस आहे कुठं!

दोघांची तडजोड झाली. भावानं वाट दिली. कारकून म्हणाला, "अज्जा, मिटलं की फी परत मिळते. इथं सही करा."

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. "नको रे बाबा. बैलाचा इसार परत घेतला की सौदा मोडतोय. मग माजी वाट जाईल की!"

कारकुनानं समजावलं. मीही म्हटलं, "अहो, ही दाव्याला भरलेली फी आहे, सौद्यापोटी आगाऊ दिलेला इसार नव्हे." छे, हलेचना! पैसे गेले तरी चालतील, त्याला वाट हवी होती.

शेवटी भाऊच उठून आला. "दादा, घे की. वाट अडवली तर वैनी मला जेवाय वाढंल व्हय?"

"न्हाई वाढणार," म्हातारा ठासून म्हणाला, आणि लगेच सही केली.

कारकून तर टेबलावर हात आपटून हसला. कोर्टाच्या शिक्क्यावर म्हाताऱ्याचा भरवसा नव्हता, बायकोच्या रागावर मात्र पुरता होता.