दारातली खुर्ची

नागरी स्वातंत्र्यावर मी वर्षानुवर्षं लेख लिहितो आहे. धानोऱ्यात त्यांची दखल घ्यायला आजवर कोणी आलेलं नाही. शेजारच्या भाऊंनी आयुष्यात एक लेख लिहिला नाही, पण त्यांच्या दारात साध्या वेशातला पोलीस रोज येऊन बसतो.

भाऊ लोहखाणीविरुद्ध गावोगाव ग्रामसभा भरवतात. भाषण करत नाहीत. सभेत एक जरी माणूस राजी नसला, तर ठराव न करताच उठतात आणि तो बोलेपर्यंत त्याच्या अंगणात जाऊन बसतात. पोलिसाला ते खुर्ची देतात. "काऊन गा, आज उशीर केला? चहा ठेवून वाट पाहून राह्यलो." त्या खुर्चीचा मला हेवा वाटतो.

खाणीच्या जनसुनावणीच्या आदल्या सकाळी पोलीस गाडी घेऊन आला.

"भाऊ, ठाण्यात चला लागते. सुनावणी होईपर्यंत तिथंच राहा."

"कागद?"

"कागद नाई."

"मंग घेऊन ये."

कागद आला तोवर भाऊंची दाढी करून झाली होती.

मी कुंपणाशी जाऊन, सगळी आळी ऐकेल अशा आवाजात म्हणालो, "मलाही न्या. मीही खाणीच्या विरोधात आहे."

"तुमचं राहू द्या, सर," पोलीस आदरानं म्हणाला. "तुमचा काई त्रास नाई."

गाडीत चढता चढता भाऊ वळले. त्यांचा चेहरा खुलला होता. "मंग उद्या सुनावणीत तुम्हीच बोला, सर. तुमाले कोनी अडवनार नाई."

गाडी गेली. त्यांच्या दारातली रिकामी खुर्ची मी उचलून माझ्या दारात ठेवली आणि आत भाषण लिहायला बसलो.