सोनुबाईने न घेतलेली ओटी

सोनुबाई रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवायची आणि जुन्या बँडेजच्या पट्टीने घट्ट बांधायची. मग हात धुवायची.

चौक गावापासून आत, डोंगराच्या अंगाला गावातल्या शेठलोकांनी काढलेला तो धर्मादाय दवाखाना. डॉक्टर खोपोलीहून यायचे. पाऊस लागला की यायचे नाहीत. नर्स लग्न होऊन गेली, तिची जागा भरलीच नाही. झाडलोट, सुया उकळणं, बाळंतपणं, सगळं एकट्या आयेवर, म्हणजे सोनुबाईवर. पगार मात्र अर्ध्या वेळेचा. दुसरी बाई मागितली की कमिटीचे अध्यक्ष लडकूशेठ हसायचे, "एकटी सोनुबाई धाजणींना भारी हाय!"

बहात्तर साली तिची लेक जनी पलीकडच्या वाडीत पहिलटकरीण होती. कळा सुरू झाल्याचा निरोप आला, तशी सोनुबाई शेठच्या गिरणीवर सुट्टी मागायला गेली.

"दवाखान्याला काय कुलूप लावू?" शेठ म्हणाले. "जा कामाला. लेक तुझीच ना? निभावंल."

दवाखान्यात एक बाई अडलेली होती. सोनुबाई तिच्याजवळ राहिली. ती सुटली. जनीचं मूल मात्र गळ्याभोवती नाळ आवळून गेलं.

त्यानंतर लडकूशेठ समोर आले की सोनुबाई हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत राहायची. ते नजर वळवीपर्यंत.

तिसऱ्या वर्षी शेठची सून दवाखान्यातल्या त्याच बाळंतपणाच्या खाटेवर आली. बाळाशी सोनुबाईचं भांडण नव्हतं. तिने नातू सुखरूप काढला, पुसला, आजीच्या पदरात घातला.

आमच्याकडे पाचवीला सुईणीची ओटी भरल्याशिवाय सटवीची पूजा पुरी होत नाही. सुईण रुसली तर बाळाला बाधतं म्हणतात. शेठच्या घरी ताटात लुगडं, नारळ, तांदूळ मांडले. सोनुबाई आली आणि उभीच राहिली. पदर पुढे केला नाही.

"घे गं बाय," शेठची बायको आनंदीबाई काकुळतीला आल्या. "पोराचं तरी बघ."

"बघितलं ना. माझ्या नातवाचं बघायला कोण नव्हतं."

"काय पायजे ते बोल," शेठ म्हणाले.

"दुसरी बाई ठेवा."

"उद्या ठेवतो. ओटी घे."

"बाई येऊ दे. मग बघू."

चार दिवसांत आवडी कामाला लागली. आनंदीबाई ताट घेऊन दवाखान्याच्या पायरीशी आल्या.

"जनीच्या पोराची पाचवी झाली की घेते," असं म्हणून सोनुबाई आत निघून गेली.

ताट शेठच्या देवघरात तसंच राहिलं. नातवाला साधा ताप आला तरी आनंदीबाई आधी ताटाकडे, मग नवऱ्याकडे बघायच्या. त्या बघण्याची बातमी गावातून कानावर आली, की त्या दिवशी सोनुबाई चहात गूळ जरा जास्त घालायची.

पुढे कित्येक वर्षांनी ती स्वतः आजारपणात त्या खाटेवर पडली. आनंदीबाई पुन्हा ताट घेऊन दारात उभ्या होत्या. सोनुबाईने तिकडे पाहिलं नाही. तेवढ्यात बाहेर बैलगाडीतून कुणी बाळंतीण आली. आवडी धावत निघाली, तशी सोनुबाईने मान वळवली.

"आवडे, बांगड्या बांध गं आधी."