गज्या हेर कोण होता?

शाहीनचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी दाढी करत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. माझा सगळ्यात जुना मित्र गेला होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा... जाता जाता यासीन हिला काही सांगून तर गेला नाही? ही गप्प का आहे? अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि मी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत उभा. दफनविधीला मी गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण बसने अमरावतीला जाता येणार नाही इतका काही दुखत नाही.

यासीन सरांना अमरावतीत राजापेठेकडचे लोक ओळखतात ते मराठीची शिकवणी घेणारे सर म्हणून. त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं, हे आता फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्ही दोघं अकोल्यात एकाच शाळेत होतो, तो मराठीला आणि मी गणिताला. तेव्हाचं ते पुस्तक, 'गज्या हेर' नावाचं. चौदा वर्षांच्या एका पोराच्या नऊ गोष्टी.

हा गज्या पिस्तूलवाला हेर नव्हता. आमच्या वऱ्हाडात सोयरीक ठरण्याआधी गुपचूप चौकशी होते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. एखादा शांत डोक्याचा नातेवाईक 'गोऱ्हा पाहाले आलो' किंवा 'संत्र्याचा बगिचा पाहाले आलो' म्हणून मुलाच्या गावी जातो, पानटपरीवर रेंगाळतो, न्हाव्यापुढं मान देऊन बसतो आणि दारू, आजार, नोकरी असं सगळं काढून आणतो. यासीनने हे काम एका पोराच्या हाती दिलं. मोठ्या माणसापुढं लोक सावध होतात, पोरापुढं कोणी आवाज खाली करत नाही. गज्या गच्चीवर अडकलेला पतंग मागायला जाई आणि नवरदेवाचा केसांचा टोप तारेवर वाळताना पाहून येई. एका गोष्टीत अंगणात नवाकोरा ट्रॅक्टर उभा असतो. गज्या घरी येऊन सांगतो, "ट्रॅक्टर मांगून आणला हाय. घरचा असता तं कुत्रं त्याच्याखाली झोपलं असतं. हे तं त्याच्यावर भुकून राहिलं!"

मोकळ्या तासाला यासीन या गोष्टी वर्गात वाचून दाखवायचा. शेजारच्या वर्गात माझ्या समीकरणांना कोणी विचारत नसे. पोरं भिंतीला कान लावून बसायची.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. चौकशीला जाणारा तो शांत डोक्याचा नातेवाईक मी होतो. मास्तर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, म्हणून ओळखीतले सगळे मला पाठवत. आणि जे पाहिलं ते मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता यासीनला रंगवून सांगत असे. टोप मी पाहिला होता. भुंकणारा कुत्राही माझ्याच पाहण्यातला. गावं, नावं, जाती बदलून यासीन लिहायचा, पण आधी न चुकता विचारायचा, "लिहू काय बे, वसंता?" मी म्हणायचो, "लिही."

शेवटच्या गोष्टीतलं स्थळ अचलपूरचं होतं, आणि मुलगा माझ्या मेहुण्याचा. मुलीचे वडील अकोल्याचे, माझ्या ओळखीचे. "तुमी दोन्हीकडचे. तुमीच खरं सांगसान," म्हणाले. मी गेलो. बैठकीत नवा फ्रीज. मेहुणा आत गेला तेव्हा मी सहज उघडला, तर आत रजया! व्यवस्थित घड्या घालून रचलेल्या. फ्रीज दाखवण्यापुरता कोणाकडून तरी आणलेला होता, सुरूही केलेला नव्हता. त्याच संध्याकाळी बाजारात कळलं की पोराची पक्की म्हणून सांगितलेली नोकरी दिवाळीआधीच सुटली आहे. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं डोळ्याला पदर लावला. "माह्या भावाच्या पोराची सोयरीक तुमच्या तोंडानं मोडू नका." दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या वडिलांना सांगून आलो, "चांगलं स्थळ आहे."

आणि कॅन्टीनमध्ये यासीनला मात्र रजयांची गोष्ट सांगितली. घर कोणाचं ते सांगितलं नाही. तो पोट धरून हसला. मग विचारलं, "मंग मोडली असंन ना सोयरीक?" मी म्हटलं, "मोडली." एका दिवसात दोन माणसांशी खोटं बोललो, आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास होता. "लिहू काय बे?" त्यानं विचारलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. पोरांचं पुस्तक, कोण वाचतो, असं म्हणून मी मान हलवली.

पुस्तक लग्नाच्या आधी छापून आलं. मुलीच्या धाकट्या भावाने शाळेतून ते घरी नेलं आणि सगळ्यांना फ्रीजची गोष्ट वाचून दाखवली. अचलपूरला घर पाहायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी फ्रीजचं थंड पाणी मागितलं होतं. मेहुणा म्हणाला होता, "घशाले लागते ते, माठाचं घ्या." ऐकता ऐकता त्यांना ते आठवलं. त्यांनी दुसरा माणूस अचलपूरला पाठवला आणि सोयरीक मोडली. त्या मुलीचं पुढं चांगलं झालं असं ऐकलं. मी जे करायला हवं होतं ते गज्यानं केलं होतं.

मेहुणा तडक अकोल्यात माझ्या घरी आला. "आमच्या घरात कोण शिरलं होतं, भाऊजी?" मी पाण्याचा तांब्या पुढं केला. उत्तर त्याचं त्यानंच शोधलं. "तो तुमच्या शाळेतला मास्तर पोरं पाठवते लोकाइच्या घरात!" ...मी नाही म्हटलं नाही. बायको दारात उभी होती. तीही काही बोलली नाही.

मग शाळेभोवतालच्या जठारपेठेत गज्याचा शोध सुरू झाला. गोष्टीतला पोरगा खराच आहे आणि सरांच्या वर्गात बसतो, अशी लोकांची खात्रीच झाली. आमच्याकडे एकेका वर्गात चार-पाच गजानन. सगळ्यांवर डोळा. पडलेलं शटल मागायला आलेल्या पोराला एका बाईनं लाटणं घेऊन पळवलं. "शटल घ्याले आला का हिसाब घ्याले?" एका बापानं आपल्या गजाननचं नावच शाळेतून काढलं. यासीन सुरुवातीला हसायचा. "वसंता, माहा गज्या जिवंत झाला बे!" पुढं कुजबूज वेगळ्या वळणावर गेली. 'त्यांच्या मोहल्ल्यात आपल्या घरांची माहिती गोळा होऊन राहिली,' असं लोक बोलू लागले. यासीन राहायचा त्या गल्लीकडे बोट दाखवून बोलू लागले. तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला विचारलं, "तुमचे जवळचे मित्र आहेत. हे सगळं यांना कुठून कळतं?"

"मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

तोवर नवरदेव माझा भाचा होता हे शाळेत सगळ्यांना कळलं होतं. यासीनलाही. तो माझं नाव घेणार म्हणून मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिलो. "सुचलं मले," तो म्हणाला. एवढंच. महिनाअखेर त्यानं राजीनामा दिला आणि अमरावतीला निघून गेला. पुस्तकाच्या प्रती शाळेच्या कपाटातून गेल्या. दुसरं पुस्तक त्यानं लिहिलं नाही.

माझ्या वाट्याला उरला तो संशय. यासीनचा फोन आला की वाटायचं, आज का? ईदला बोलावलं की वाटायचं, तिथं आणखी कोण असेल? शाहीनच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी अहेर पाठवला, स्वतः गेलो नाही. चार लोकांत हा बोलेल, अशी भीती. तो कधीच बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त संशय यायचा. मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो, तीच शेवटची भेट. निघताना धीर करून म्हटलं, "यासीन, काही बोलायचं आहे काय तुले?" तो चष्मा पुसत होता. "नाई बे. तुले?" मी म्हटलं, नाही. जिन्यात थोडा थांबलो होतो... पण उतरलो.

गेल्या आठवड्यात शेवटी शाहीनला भेटायला गेलो. सासर जवळच असल्यानं वडिलांकडचं सगळं तीच पाहायची. आता तिथंच आवराआवर करत होती. चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "काका, अब्बा खरंच पोरं पाठवायचे का हो लोकांच्या घरात? अकोल्यात होतो तेव्हा शाळेत मला हेराची पोरगी म्हणायचे."

बायको आता नाही, मेहुणाही नाही. ज्याच्याआड लपावं असं कोणी उरलेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. रजयांपासून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत. हे छापायला देणार आहे, तेही सांगितलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "अब्बांनी मला जन्मात कधी विचारलं नाही, कुठं गेली होतीस, कोण भेटलं. शिकवणीच्या पोरांनाही, बाप काय करतो, असं कधी विचारलं नाही. घरात कोणी विचारलं तर उठून जायचे. मैत्रिणी म्हणायच्या, किती मोकळे आहेत तुझे अब्बा. मला वाटायचं, यांना माझी पर्वाच नाही." मग म्हणाली, "मीही तशीच झाले, काका. पोरीला काही विचारत नाही. मला वाटायचं, आपल्या घरची रीतच आहे ही."



खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. तिची मुलगी क्लासवरून वर आली. उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. मला सलाम करून ती आत जायला निघाली.

"कहाँ थी इतनी देर?" शाहीननं विचारलं.

मुलगी जागीच थांबली. आईकडे पाहिलं, मग दुपट्ट्याआडून माझ्याकडे. "कायको? किसने क्या बोला?"

तिचा संशय माझ्यावर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच संशय बरोबर माणसावर आला होता.

"किसीने कुछ नहीं बोला. ऐसेइच पूछ रही," शाहीन म्हणाली आणि सरकून तिच्यासाठी पलंगावर जागा केली. मुलगी दाराशी थोडी घुटमळली. मग दुपट्टा सोडत येऊन बसली आणि सांगायला लागली.